शब्दांची पोतडी : यादीत नाव कोणाचं?



‘लिस्ट म्हणजे काय?’ असं वर्गात विचारलं, की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच उत्तर येतं, ‘यादी!’ उत्तर अगदी बरोबर. पण इंग्रजीत या एका शब्दाची इतकी भावंडं आहेत, की कोणाला कोणत्या नावानं हाक मारायची ते कळेनासं होतं. आज आपल्या पोतडीतून या भावंडांनाच बाहेर काढू या.

सकाळपासून सुरुवात करू. आई हातात चिठ्ठी देते : तूरडाळ दोन किलो, गूळ अर्धा किलो, ज्वारी पाच किलो. ही झाली ‘शॉपिंग लिस्ट’. शाळेत गेलात, बाईंनी हजेरी घेतली. ज्यावर तुमची नावं असतात तो ‘रोल’, म्हणून तुमचा ‘रोल नंबर’. पुस्तक उघडलं, की सुरुवातीला अनुक्रमणिका, तिला म्हणतात ‘कन्टेन्ट्स’. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी असते ती सूची, तिला म्हणतात ‘इंडेक्स’. दोन्ही याद्याच, पण पहिली धड्यांच्या क्रमानं लावलेली आणि दुसरी अक्षरांच्या क्रमानं. वाचनालयात कोणकोणती पुस्तकं आहेत हे सांगतो तो ‘कॅटलॉग’. आता गंमत बघा, आपल्याकडे कितीतरी शाळांत हजेरीपटालाच ‘कॅटलॉग’ म्हणतात. शब्द इंग्रजी, पण त्याला काम दिलं आपण!

जरा बाहेर पडू. खानावळीत काय काय मिळतं ते सांगणारं ‘मेनू’. बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या स्टेशनावर गाड्यांचं ‘टाइमटेबल’. तिकीट पक्कं झालं नसेल, तर आपण ‘वेटिंग लिस्ट’मध्ये. दवाखान्यात कोणाची पाळी कधी, हे सांगणारा ‘रोस्टर’. शंभर जणांतून निवडलेल्या पाच जणांची ‘शॉर्टलिस्ट’. ज्यांच्याशी पुन्हा व्यवहारच करायचा नाही त्यांची ‘ब्लॅकलिस्ट’, म्हणजे काळी यादी. आणि संपता संपत नाही अशा कंटाळवाण्या यादीला इंग्रजीत ‘लॉन्ड्री लिस्ट’ म्हणतात, म्हणजे धोब्याकडच्या कपड्यांची यादी. आपण काय म्हणतो? मारुतीचं शेपूट!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जहाजाबद्दल वाचताना ‘द शिप वॉज लिस्टिंग’ असं वाक्य आलं, तर जहाज यादी करत बसलंय असं समजू नका बरं का! तिथे ‘लिस्ट’चा अर्थ एका बाजूला कलणं असा आहे.

आता हे शब्द आले कुठून? ‘लिस्ट’ म्हणजे मुळात कापडाची किनार, अरुंद पट्टी. पुढे ती कागदाची पट्टी झाली आणि मग त्या पट्टीवर जे लिहायचं, त्यालाच लिस्ट म्हणू लागले. ‘रोल’ म्हणजे गुंडाळी. पूर्वी लांबच लांब कागदावर किंवा चामड्यावर नावं लिहून त्याची गुंडाळी करून ठेवत. ‘इंडेक्स’चा मूळ अर्थ दाखवणारा. म्हणून अंगठ्याशेजारच्या बोटाला इंग्रजीत ‘इंडेक्स फिंगर’ म्हणतात, कारण त्या बोटानं आपण दाखवतो. पुस्तकातला इंडेक्सही तेच करतो. कोणती गोष्ट कोणत्या पानावर, ते बोट दाखवून सांगतो.

आपल्या आजीआजोबांच्या तोंडी असलेला एक शब्दही याच घरातला आहे, ‘मस्टर’. महाराष्ट्रात १९७२ मध्ये रोजगार हमीची कामं सुरू झाली. तेव्हा रस्त्याच्या, नाल्याच्या, तळ्याच्या कामावर आलेल्या माणसांची नावं मस्टरवर चढायची. मस्टरवर नाव नाही, तर मजुरी नाही. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला ‘दाखवणे’ असा अर्थ आहे. माणसानं समोर उभं राहून ‘मी आलोय’ असं दाखवायचं, तेव्हा नाव लागायचं.

आणि आपले शब्द? हजेरीपटातला ‘पट’ म्हणजे संस्कृतात कापड. म्हणजे तिकडची लिस्ट कापडाची आणि इकडचा पटही कापडाचा! बाजार समितीत सोयाबीन नाहीतर तूर विकली, की बाबांच्या हातात हिशेबाची ‘पट्टी’ येते, तीही एक यादीच. ‘यादी’ हा शब्द मात्र फारसीतल्या ‘याद’वरून आला. याद म्हणजे आठवण. इंग्रजांनी यादीला कागदाच्या पट्टीचं नाव दिलं, आपण आठवणीचं दिलं. आपल्या वऱ्हाडात सोयरीक जुळली, की देण्याघेण्याची, मानपानाची यादी करायला दोन्हीकडचे लोक बसतात. आणि तिथेच सगळ्यांचं जमलं, तर त्याच बैठकीत लग्न लावून टाकतात. ‘यादी पे शादी’ म्हणतात ते हेच!

यादी म्हणजे आठवण, हे एकदा कळलं, की पुढचा प्रश्न आपोआप पडतो. आठवणच चुकीची असली तर? किंवा कोणाची तरी आठवण राहूनच गेली तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका पक्ष्यानं दिलंय. त्याचं नाव रानपिंगळा. आपल्या घराजवळच्या झाडावर दिसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. १८७३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खानदेशात शहाद्याकडे त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर तो दिसेचना. पुष्कळ पक्षितज्ज्ञांनी शोधला आणि शेवटी तो नामशेष झाला असावा, असंच बहुतेक जण म्हणू लागले.

पण एक नोंद गोंधळात टाकत होती. रिचर्ड मायनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : १९१४, गुजरातमधलं मांडवी. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा पितळ उघडं पडलं. तो पक्षी त्यानं मिळवलेलाच नव्हता! डेव्हिडसनचाच जुना नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरून, नव्यानं पेंढा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या नोंदींच्या मागे निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढच्या काही वर्षांत तो आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातही सापडला. जगातल्या कोणत्या जीवांना किती धोका आहे, हे सांगणारी एक मोठी यादी असते, तिला ‘रेड लिस्ट’ म्हणतात. रानपिंगळा तिच्यात आधी ‘अतिसंकटग्रस्त’ होता, २०१८ पासून ‘संकटग्रस्त’ आहे. म्हणजे थोडा सावरला, पण धोका टळलेला नाही.

बघा, एका खोट्या चिठ्ठीनं पक्षी शोधणाऱ्यांना किती वर्षं भलतीकडे पाहायला लावलं! आणि असं फक्त पक्ष्यांच्याच बाबतीत होतं असं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावर असलेली पण वर्गात नसलेली कितीतरी नावं उघडकीला आली होती.

आता दुसरा प्रश्न. नाव राहूनच गेलं तर?

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. त्यासाठी देशभर मतदार यादी करायची होती. तिला इंग्रजीत ‘इलेक्टोरल रोल’ म्हणतात, पुन्हा तोच रोल! सुमारे १७ कोटी ३० लाख नावं त्यात आली. नावं लिहिणारी माणसं घरोघर फिरली. पण उत्तरेकडच्या राज्यांत कितीतरी घरांतून बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. परक्या माणसाला आपलं नाव सांगायचं नाही, अशी रीत होती. मग यादीत लिहिलं गेलं, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, हे चालणार नाही, प्रत्येकीचं स्वतःचं नाव हवं. ती नावं मिळवायला मुदतही वाढवून दिली. तरीसुद्धा जवळपास २८ लाख बायकांची योग्य नावं मिळाली नाहीत आणि त्यांना यादीतून वगळावं लागलं. देशातल्या पहिल्या निवडणुकीत त्या मत देऊ शकल्या नाहीत.

हे कडक वाटतं, नाही का? पण विचार करा. ‘अमक्याची बायको’ हे काही नाव नव्हे, ते नातं झालं. मत नात्याला नसतं, माणसाला असतं. त्या वेळी सेन यांनी ‘चालतंय’ म्हणून सोडून दिलं असतं, तर बायांची नावं लिहायची सवय लागायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. १९५७ ची दुसरी निवडणूक आली तोवर परिस्थिती पुष्कळ सुधारली होती.

आपल्या राज्यानं तर आता पुढचं पाऊल टाकलंय. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं सरकारी कागदावरचं नाव असं लिहायचं : आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. म्हणजे काही वर्षांनी पहिलीच्या वर्गात येणाऱ्या पोरापोरींच्या हजेरीत रोज त्यांच्या आईचंही नाव असेल.

या आठवड्याचा उद्योग :

१. घरात आणि रस्त्यावर दिसणाऱ्या दहा याद्या शोधा. प्रत्येकीपुढे तिचं मराठी नाव आणि इंग्रजी नाव लिहा.

२. घरची वंशावळ काढा. पुष्कळ घरांत वंशावळीत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असे फक्त पुरुषच असतात. तुम्ही आजी आणि पणजीसुद्धा लिहायची. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, म्हणून ‘आजी, तुझं माहेरचं नाव काय होतं?’ असं विचारा आणि दोन्ही नावं लिहा. पणजीचं नाव कोणालाच सांगता आलं नाही, तर ती जागा रिकामी ठेवा, पण मनानं काही भरू नका. नातेवाइकांना पत्र लिहा, फोन करा, शोध घ्या. रानपिंगळा ११३ वर्षांनी सापडला, पणजीचं नावही सापडेल!

आईबाबांसाठी एकच विनंती. हा दुसरा उद्योग मुलांबरोबर आजीजवळ बसून करा. ज्या बाईला घरात कित्येक वर्षांत कोणी नावानं हाक मारली नाही, तिला नातवंडानं नाव विचारलं, तर ती आणखीही पुष्कळ काही सांगेल. ते लिहून ठेवा. शेवटी यादी म्हणजे आठवणच, नाही का?

बरं तर, पुढच्या आठवड्यात पोतडीतून नवा शब्द काढू.

— तुमच्या बाई