चुना भाताला नको, म्हणून ढोबळीलाही नको?

“आमच्या बापजाद्यांनी कधी मातीत चुना घातला नाही, तरी पिकलंच ना?” कोकणात पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची किंवा काकडी घेणाऱ्याला चुन्याचा सल्ला दिला की हे उत्तर हमखास मिळतं. त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. जांभ्याच्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी ५ ते ६ च्या आसपास. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरातल्या पावसाने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केव्हाच धुऊन नेलेलं. तरी भात पिकतो.

पण का पिकतो? चिखलणी करून खाचरात पाणी कोंडलं की मातीतली हवा संपते. मग जिवाणू प्राणवायूऐवजी लोहाचे ऑक्साइड वापरू लागतात आणि त्या क्रियेत आम्लता खर्ची पडते. काही आठवड्यांत सामू आपोआप साडेसहाच्या आसपास येतो. म्हणजे भातापुरतं चुन्याचं काम पाणीच करतं. आंबा-काजूला आम्ल माती चालून जाते. राबाच्या राखेने आम्लता मरायची असा दाखला देणाऱ्यांनी हेही सांगावं की राब भाजायचा तो भाताच्या तरव्याच्या जागेपुरता. तेव्हा बापजाद्यांचं चुन्यावाचून अडलं नाही याचं श्रेय मातीला देऊ नये, ते त्यांच्या पिकांचं आहे. ढोबळी उंच गादीवाफ्यावर, खेळत्या हवेत वाढते. तिला खाचराची सवलत मिळत नाही. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं खुंटतात, आणि घातलेला स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी जखडून बसतो.

दुसरा युक्तिवाद जास्त हुशारीचा: छपराखाली पाऊसच नाही, मग माती आम्ल होणार कशी? पावसाने क्षार धुऊन जाणं थांबतं, कबूल. मात्र ठिबकातून रोज सोडलेलं खत आपलं काम करतच राहतं. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्लता सुटते. १०० किलो अमोनियम सल्फेटने निर्माण होणारी आम्लता मारायला साधारण ११० किलो शुद्ध चुनखडी लागते. युरियाही आम्लता वाढवतो, कमी इतकंच. त्यात आपण घाटावरचं खताचं वेळापत्रक जसंच्या तसं उतरवून घेतो. तिकडच्या विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, म्हणून ते ठिबकातून आम्ल सोडतात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ. इथे तीच कृती म्हणजे आगीत तेल.

चुन्याऐवजी जिप्सम सुचवणाऱ्यांचं थोडक्यात. त्यात कॅल्शियम आहे, पण आम्लता मारतं ते कार्बोनेट, सल्फेट नव्हे. जिप्समने सामू वाढत नाही.

आता चुन्याच्या भक्तांकडे वळू, कारण त्यांचंही सगळं बरोबर नाही. फळाचं बूड काळं पडलं की ओंजळभर चुना टाकणारे पुष्कळ. हा रोग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याचा असला तरी पुष्कळदा त्यामागे पाण्याच्या पाळ्यांतली अनियमितता असते. शिवाय किती चुना घालायचा हे नुसत्या सामूवरून कळत नाही. एकाच सामूच्या दोन मातींपैकी चिकण आणि सेंद्रिय अंश जास्त असलेलीला रेताडीपेक्षा बराच जास्त चुना लागतो, म्हणून प्रयोगशाळेकडून सामूसोबत चुन्याची गरजही काढून घ्यावी. ६ ते ६.५ वर थांबावं. त्यापुढे गेलं की लोह, जस्त, बोरॉन अडकतात आणि शेंडे पिवळे पडतात. मग फवारण्यांचा नवा खर्च.

कळीचा चुना झपाट्याने काम करतो, पण नेम चुकला तर सामू भलताच चढतो. चुनखडीची बारीक भुकटी संथ आणि सुरक्षित. माती परीक्षणात मॅग्नेशियम कमी आलं असेल तर डोलोमाइट घ्यावं. भुकटी नुसती वर भुरभुरून उपयोग नाही, वीतभर खोल मिसळावी लागते. म्हणून हे काम गादीवाफे बांधण्यापूर्वीचं.

खर्चाची ओरड उरते. हेक्टरी दोन टन हा आकडा ऐकून छाती दडपते, पण गुंठ्याला तो २० किलो होतो. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला ५० किलोच्या चार गोण्या. लागवडीआधी काही आठवडे त्या मातीत जायला हव्यात, आणि ताज्या शेणखताबरोबर किंवा अमोनियमच्या खताबरोबर तर मुळीच नाही. तसं केलं तर नत्र अमोनिया वायू होऊन उडतं, आणि बंद पॉलिहाऊसमध्ये तो वायू कोवळी पानं करपवतो.