खाण संपलेल्या गांवीं विद्यार्थिसेवा

सुटीचे कांहीं आठवडे परदेशांतील एखाद्या गरजू वस्तींत विनावेतन काम करण्यास विद्यार्थ्यांनीं जावें, ही प्रथा आज जगांत पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली आहे. ज्यांची खाण बंद पडली आणि तिच्याबरोबर ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच बुडाला, अशीं गांवेंही या सेवेचीं क्षेत्रें झालीं आहेत. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गांवांतूनही हल्लीं मुलेंमुली परदेशीं शिकावयास जातात; तेव्हां हा प्रश्न आमच्या वाचकांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलाच आहे. अशा सेवेस जावें काय, आणि जावयाचें तर कोणत्या वृत्तीनें, याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या प्रथेचा उगम पाहूं. पिएर सेरेसोल नांवाच्या स्विस गृहस्थांनीं १९२० सालीं फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एस्न या उद्ध्वस्त खेड्यांत निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांची एक लहानशी तुकडी नेली. कालपर्यंत परस्परांवर गोळ्या झाडणाऱ्या राष्ट्रांच्या माणसांनीं एकत्र येऊन फावडें हातीं घ्यावें, हा त्यांचा हेतु होता. पुढें १९३१ सालीं याच चळवळीचे स्वयंसेवक, आणि त्यांत विद्यार्थीही, दक्षिण वेल्समधील ब्रिनमॉर या गांवीं गेले. तेथील लोखंडाचा व कोळशाचा धंदा बसला होता आणि धडधाकट पुरुष रिकाम्या हातांनीं बसून होते. पाहुण्यांनीं त्या बेकारांच्या खांद्यास खांदा लावून पडीक जागा साफ केल्या, पोहण्याचा तलाव बांधला, बाग उठविली. क्वेकर पंथाच्या मंडळींनीं तेथें आधींपासूनच काम मांडलें होतें; त्यांनीं लांकडी सामान व जोडे तयार करण्याचे कारखाने काढिले.

हें सर्व स्तुत्य खरें. परंतु तलाव झाला म्हणून खाण पुन्हा उघडली नाहीं. बेकाराच्या चुलीला बागेंतलीं फुलें चालत नाहींत. शिवाय फुकट राबणारे हात आल्यावर दाम देऊन काम कोण करवून घेईल, अशी शंका एखाद्या कामकऱ्यास आली, तर ती कृतघ्नता नव्हे. तो रास्त प्रश्न आहे. जो विद्यार्थी त्याचें उत्तर न शोधतां फावडें उचलतो, तो सेवा करीत नसून आपली हौस भागवीत असतो.

वेल्सची गोष्ट दूरची वाटत असेल, तर आपल्या शेजारच्या गोमंतकाकडे पाहावें. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील कित्येक गांवें लोहखनिजावर पोसलीं गेलीं. लोकांनीं कर्जें काढून ट्रक घेतले, कोणीं मांडवींतून माल वाहणाऱ्या बार्जी घेतल्या. २०१२ सालीं खाणी थांबल्या. मध्यंतरीं सुरू होऊन २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. पुढें लिलाव होऊन कांहीं ठिकाणीं काम सुरू झालें आहे; परंतु ट्रक अंगणांत उभा राहिला म्हणून पेढीचा हप्ता कांहीं उभा राहिला नव्हता. खाण खोल गेली कीं आसपासच्या विहिरींचें पाणी आटतें, आणि पावसाळ्यांत ढिगाऱ्यांची तांबडी माती भातशेतांत उतरते. अशा गांवीं महिनाभरासाठीं आलेला विद्यार्थी शाळेची भिंत रंगवून परतला, तर ना हप्ता फिटतो, ना विहिरीस पाणी येतें.

मग त्यानें करावें तरी काय? आमच्या मतें त्यानें आधीं ऐकावें. खाणकामकरी म्हणजे कोणी अजाण बालक नव्हे. वेल्समधील टॉवर नांवाची खाण १९९४ सालीं सरकारी मंडळानें बंद केली, तेव्हां तेथील २३९ कामकऱ्यांनीं प्रत्येकीं ८,००० पौंड घालून ती विकत घेतली आणि २००८ सालापर्यंत चालवून दाखविली. अशा लोकांस उपदेश करावयास जाणें हास्यास्पद आहे. त्यांच्यापाशीं शिकावयास जाणें हेंच योग्य. विहिरींची पातळी मोजणें, म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवणें, अर्ज करण्यास साहाय्य करणें, मुलांस शिकविणें, हीं कामें लहान दिसतात. परंतु गांवानें मागितलीं तर तींच खरीं कामें होत.

कोणी म्हणतील, स्वतःचें घर गळत असतां दुसऱ्याचें छप्पर शाकारण्यास परदेशीं कशास जावें? हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु १९३४ सालीं बिहारांत भूकंप झाला, तेव्हां हेच सेरेसोल आपल्या मोजक्या सोबत्यांसह तेथें आले, व १९३७ पर्यंत येऊनजाऊन खेडीं पुन्हा वसविण्याच्या कामीं राबले. त्यांच्या चार हातांनीं बिहार उभा राहिला असें नाहीं. पण गोरा माणूस हुकूम न करितां माती उचलतो, हें तेथील लोकांनीं पाहिलें. आतां आमचीं मुलें वेल्सच्या एखाद्या गांवीं जाऊन तीच माती उचलतील, तर घेणारा कोण व देणारा कोण हा जुना भेद तेवढ्यापुरता तरी मिटेल. म्हणून आम्ही या सेवेच्या विरुद्ध नाहीं.

मात्र तीन अटी आवश्यक वाटतात. पहिली, त्या गांवानें बोलाविलेलें असावें. दुसरी, तेथील भाषा शिकण्याची व टिकून राहण्याची तयारी असावी. मिस सिंथिया फरार १८२७ सालीं मुंबईस आल्या आणि १८६२ सालीं अहमदनगरास वारल्या. त्यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यांत शाळा काढण्याची स्फूर्ति झाली. हें फळ सुटीच्या चार आठवड्यांचें नव्हे. तिसरी अट घरच्यांसाठीं आहे: ‘सेवेची संधि’ मोठें शुल्क घेऊन विकणारे व्यापारीही पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठीं बापानें जमीन गहाण टाकूं नये. कर्जाच्या पैशानें केलेल्या सेवेचें व्याज धाकट्या बहिणीच्या शिक्षणांतून फिटतें.

आणि परीक्षा घरीं द्यावी. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालापासून चालू आहे. तिच्या शिबिरांत ज्याला आठ दिवस लवकर उठवत नाहीं, त्यानें विमानाचें तिकीट काढूं नये. आपल्या तालुक्यांत खाण नाहीं असें म्हणतात; पण घोड व भीमा यांच्या पात्रांतून उपसलेली वाळू हें खनिजच नव्हे काय? त्या खड्ड्यांचा हिशेब ज्यानें कधीं विचारला नाहीं, तो परक्या खाणीचा हिशेब काय विचारणार? ज्या विद्यार्थ्यानें तो येथें विचारला आहे, त्यानें खुशाल जावें. त्याला निरोप देण्यास आम्ही स्वतः स्थानकावर येऊं.