घास अडकतो? त्याला गॅस म्हणू नका

छातीत दुखतं आणि घास अडकतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असतेच. महिना-दोन महिने खाऊन झालेली. माझं मत स्पष्ट आहे: घास अडकणं गोळीनं दाबायचं नसतं, त्याचं कारण शोधायचं असतं.

छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, यात वाद नाही. पण जिभेखालच्या गोळीनं बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचंच, असंही नाही. ती गोळी अन्ननलिकेचा पेटकाही सैल करते.

हृदय ठीक निघालं की मी खोदून विचारतो, नेमकं काय अडकतं? आधी भाकर, मग पोळी, आता भातसुद्धा, असं असेल तर नळी आतून अरुंद होत चालली आहे. जुन्या ॲसिडिटीची जखम आकसली असेल, किंवा कॅन्सर असेल. पहिल्यापासून पाणीही भाकरीसारखंच अडकत असेल आणि रात्री खाल्लेलं तोंडात येत असेल, तर ॲकॅलेशियाची शंका घ्यावी. यात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल होत नाही. जळजळ यातही होते, म्हणून वर्षानुवर्षं ॲसिडिटीचाच इलाज चालतो.

माणूस नकळत जमवून घेतो, ही खरी अडचण. भाकर वरणात चुरतो, घासागणिक पाणी पितो आणि विचारलं तर 'जेवण बराबर आहे' म्हणतो. म्हणून मी घरच्या बाईलाही विचारतो. ताटात काय उरतं ते तिला ठाऊक असतं.

दोन आठवड्यांवर त्रास टिकला तर एंडोस्कोपी करावी. वजन उतरत असेल तर तेवढंही थांबू नये. लोक 'नळी'ला भितात, पण घशात बधिर करणारा फवारा मारून काही मिनिटांत तपासणी होते. ती नॉर्मल आली म्हणून विषय संपत नाही. बेरियमचा एक्स-रे आणि अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री ॲकॅलेशिया पकडतात, आणि त्यावर चांगला इलाज आहे.

आता खर्रा. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर समोरच घोटून मिळतो. थुंकला तरी रस थोडा पोटात जातोच, आणि तंबाखूनं अन्ननलिकेचाही कॅन्सर होतो. आपल्या मोझरीचे तुकडोजी महाराज १९६८ साली कॅन्सरनंच गेले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. तिथं पोचणारा रुग्ण भाकर अडकते तेव्हाच पोचावा, पाणी अडकेपर्यंत नाही.

थुंकीही गिळता येत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.