बगळे आले, पण गेले कोण?

इंग्लंडला मुलाकडे राहायला आलेल्या मराठी आईवडिलांना सोमरसेटच्या पाणथळीवर नेऊ नये. स्थानिक मंडळी महागड्या दुर्बिणी रोखून जे बघत असतात ते बघून त्यांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘अगं बाई, हे तर बगळे!’ भाताच्या खाचरात, म्हशीच्या पाठीवर, नाल्याच्या कडेला जन्मभर बघितलेला पक्षी. तो बघायला पहाटे उठून, गाडी काढून, वर पार्किंगचे पैसे द्यायचे, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. बिचाऱ्यांचं चुकतही नाही. लहान बगळा इथला आणि आपल्याकडचा एकच. गायबगळाही आपल्याकडच्या गायबगळ्याचा पश्चिमेकडचा सख्खा भाऊ.

पण ब्रिटनच्या दृष्टीने ही पाहुणे मंडळी अगदी अलीकडची. १९८० च्या दशकापर्यंत इथे लहान बगळा दिसला तर पक्षीनिरीक्षक कामधाम सोडून धावत. १९८९ च्या शरदात बरेच बगळे एकदम दक्षिण किनाऱ्यावर उतरले आणि १९९६ मध्ये डॉर्सेटच्या पूल हार्बरमधल्या ब्राउनसी बेटावर त्यांनी पहिल्यांदा पिल्लं वाढवली. (बेडन पॉवेलनी १९०७ मध्ये बालवीरांचं पहिलं शिबिर भरवलं ते हेच बेट.) आज ब्रिटनमध्ये लहान बगळ्यांच्या हजारावर जोड्या वीण करतात. मागोमाग २००८ मध्ये गायबगळ्यांनी आणि २०१२ मध्ये मोठ्या बगळ्यांनी सोमरसेटमध्ये घरटी केली. तीन जातींचे बगळे, सोळा वर्षांत.

याचं कारण विचारलं की चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत एकच उत्तर मिळतं : हवामान बदललं. उत्तर खोटं नाही. बगळ्याला मारतो तो गोठलेला हिवाळा. पाण्यावर बर्फाची साय धरली की मासे दिसतात, पण चोच पोचत नाही. हिवाळे सौम्य झाले नसते तर बगळा इथे टिकला नसता. डार्टफर्ड वॉर्बलर नावाचा शेपटी उभारून बसणारा चिमुकला पक्षी १९६२-६३ च्या भयंकर हिवाळ्यानंतर उभ्या देशात दहा-अकरा जोड्यांवर आला होता. तोच पुढे २००६ च्या गणनेत तीन हजार जोड्यांच्या वर गेला. उबेचा हात यात आहेच.

पण एवढंच उत्तर देऊन थांबणाऱ्यांशी माझं भांडण आहे. बगळ्याची गोष्ट थोडी मागून सुरू करू. १४६५ मध्ये यॉर्कचे आर्चबिशप म्हणून जॉर्ज नेव्हिल गादीवर बसले, त्या मेजवानीच्या यादीत एक हजार ‘एग्रिट’ आहेत. ते नक्की बगळेच होते की टिटव्या, यावर पंडितांचा वाद आहे. पण बगळे असतील तर आजचा पाहुणा खरं तर घरी परतलेला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर बगळ्याचे विणीच्या काळातले तलम तुरे मिरवू लागले आणि तुऱ्यांचा भाव वजनाला सोन्याच्या वर गेला. तुरे वीण करणाऱ्या पक्ष्यालाच येतात. त्यामुळे मारला जाई तो घरट्यातला पक्षी, आणि पिल्लं मागे उपाशी मरत. या धंद्याविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन या बाईंनी मैत्रिणी जमवल्या. त्यातून उभी राहिलेली आरएसपीबी आज युरोपातल्या मोठ्या पक्षिसंस्थांपैकी एक आहे. आपलाही या व्यवहारात हिस्सा होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि तिथे तुऱ्यांसाठी चक्क बगळे पाळत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जुन्या नियतकालिकात त्याची वर्णनं आहेत. हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी घातली. ब्रिटनला आयात थांबवायला १९२१ उजाडलं. १९७९ मध्ये युरोपीय समुदायाचा पक्षीसंरक्षणाचा कायदा आला. बंदुका थांबल्या, तसे फ्रान्समधले बगळे वाढत वाढत उत्तरेकडे ब्रिटनीपर्यंत आले आणि मग खाडी ओलांडून इकडे. नुसता थर्मामीटर बघून हा इतिहास कळायचा नाही.

शिवाय बगळा इथे येऊन उतरणार कुठे? सोमरसेटच्या सखल भागात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचे, म्हणजे पीटचे, जाड थर आहेत. बागकामासाठी ते वर्षानुवर्षं खणून विकले गेले आणि मागे उरले नुसते खड्डे. त्यात पाणी सोडून, लव्हाळ्याची बेटं लावून, पातळी राखून संस्थांनी आणि सरकारी खात्याने हॅम वॉल, शॅपविक हीथ, वेस्टहे मूर अशी सलग पाणथळ उभी केली. मोठा बगळा पहिल्यांदा वाढला तो शॅपविक हीथमध्ये. तिथून थोड्याच अंतरावर तितकीच ऊब असलेल्या नांगरलेल्या शेतात तो का नाही वाढला? तापमान दार किलकिलं करतं. आत पाणी आणि मासे आहेत की नाही, ते माणसांवर.

ख्रिस थॉमस आणि जॅक लेनन यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. ब्रिटनच्या पक्ष्यांचे दोन नकाशासंग्रह त्यांच्यापुढे होते : एक १९६८-७२ चा, दुसरा १९८८-९१ चा. हजारो हौशी लोकांनी चौकोन वाटून घेऊन पायी फिरून भरलेले नकाशे. दक्षिणेकडच्या पक्ष्यांची उत्तर सीमा वीस वर्षांत सरासरी १८.९ किलोमीटर वर सरकली होती. त्या टिपणातली दुसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही : उत्तरेकडच्या पक्ष्यांची दक्षिण सीमा तशी सरकलेली दिसली नाही. याचा अर्थ ते सुखरूप होते असा नव्हे. पक्षी नव्या गावात पोचतो ते एका वर्षी, सगळ्यांना दिसेल असं. जुन्या गावातून मात्र तो आधी विरळ होतो आणि नकाशावरचा ठिपका शेवटची जोडी उडून जाईपर्यंत जागेवरच राहतो.

त्यामुळे येणाऱ्यांची बातमी होते. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला पारा ४०.३ अंशांवर गेला. या देशातला आजवरचा उच्चांक. त्याच उन्हाळ्यात नॉरफकच्या ट्रिमिंगॅम गावातल्या वाळूच्या खाणीत युरोपीय वेड्या राघूंनी बिळं कोरून अंडी घातली. शेजारचं शेत पार्किंगसाठी मोकळं करावं लागलं इतकी गर्दी. पक्षी आहेही तसाच, रंगपेटी सांडल्यासारखा. पण वेडा राघू इथे १९५५ मध्येही ससेक्समध्ये वाढला होता, जेव्हा हवामानबदल हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. एका घरट्याने काही सिद्ध होत नाही. अशी घरटी वरचेवर दिसू लागली, यात अर्थ आहे. आरएसपीबीनेही आनंदाच्या त्याच श्वासात हा धोक्याचा इशारा असल्याचं सांगितलं होतं. वर्तमानपत्रांनी फोटो मोठा छापला, इशारा खाली.

आता जाणाऱ्यांकडे येऊ. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर डॉटरेल नावाचा चिखल्यांच्या कुळातला पक्षी उन्हाळ्यात वीण करतो. मादी रंगीत, नर फिका. मादी अंडी घालून मोकळी होते आणि उबवणं-वाढवणं नराकडे. (आमच्या काही वाचकांच्या घरी ही माहिती मोठ्याने वाचून दाखवली जाईल.) म्हणूनच गणना नरांची होते. १९८७-८८ मध्ये ते साडेनऊशेच्या वर होते, २०११ मध्ये ४२३. त्याला हवी थंड, उघडी, शेवाळाने झाकलेली माथ्यावरची जमीन. साधारण दीडशे मीटर चढलं की एक अंश उतरतो, म्हणजे खाली गरम झालं तर डॉटरेलने आणखी वर जावं. पण कुठे? केर्नगॉर्मचं सर्वांत उंच शिखर बेन मकडुई १,३०९ मीटरचं. उंचीने आपल्या सिंहगडाएवढं. ब्रिटनमध्ये त्याहून उंच शिखर एकच आहे. बगळ्याच्या पुढे अर्धा देश मोकळा पडलाय. डॉटरेलच्या पुढे आकाश. त्याच्या घसरणीत चराईचा, हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनमुळे शेवाळाची जागा गवत घेतं त्याचा आणि उत्तर आफ्रिकेतल्या हिवाळी मुक्कामाचाही वाटा असावा असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे इथेही एकटं तापमान आरोपी नाही.

समुद्रावरची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. किटिवेक हा कड्यांच्या कंगोऱ्यांवर घरटं चिकटवणारा समुद्री कुरव. न्यूकासलमध्ये टाईन नदीवरच्या पुलाखालीही त्याची वसाहत आहे आणि तिच्या विष्ठेवरून शहरात दरवर्षी तक्रारी होतात. २०१५ ते २०२१ च्या गणनेत ब्रिटन आणि आयर्लंडमधले किटिवेक वीस वर्षांपूर्वीच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. त्यांना ऊन लागलं म्हणून नव्हे. उत्तर समुद्र तापला, तशी थंड पाण्यातली कॅलेनस फिनमार्किकस ही तांदळाएवढी, चरबीने भरलेली प्लवक-जात उत्तरेला सरकली. तिच्यावर जगणारे सॅन्डईल हे बोटभर मासे रोडावले आणि किटिवेकची पिल्लं उपाशी राहिली. त्यातच हे मासे पेंड आणि तेलासाठी जहाजं भरून उचलले जात, मुख्यतः डॅनिश बोटींकडून. मार्च २०२४ मध्ये इंग्लंडने उत्तर समुद्रातल्या आपल्या हद्दीत आणि स्कॉटलंडने आपल्या सगळ्या हद्दीत ही मासेमारी बंद केली. युरोपीय महासंघ त्याविरुद्ध थेट लवादात गेला. एका कुरवाच्या घासावरून दोन सत्तांमध्ये खटला!

हिवाळ्यात सैबेरियातून येणाऱ्या बेविक हंसांची तऱ्हा वेगळी. इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजला पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून चोचीवरच्या पिवळ्या-काळ्या नक्षीवरून एकेक हंस ओळखून त्यांना नावं दिली. आता जर्मनी-नेदरलँड्सची तळी गोठत नाहीत. मग हंसांनी पुढचा प्रवास कशाला करावा? काही वाटेतच थांबतात. काही खरोखरच कमी झालेत.

हे सगळं सांगण्याचं कारण राजकीय आहे. ‘हवामानबदल’ म्हटलं की कुणाही माणसाचं, खात्याचं, जमीनमालकाचं नाव घ्यावं लागत नाही. जबाबदारी पृथ्वीवर ढकलली की कार्यालयाला सुट्टी. म्हणून मला सोनचिखल्याचं उदाहरण आवडतं. उत्तर इंग्लंडच्या पठारांवर याची पिल्लं क्रेनफ्लाय या लांबटांग्या माशीवर वाढतात. ऑगस्ट फार तापला की पीट सुकतं, माशीच्या अळ्या मरतात आणि पुढच्या वसंतात खाणं नसतं. जेम्स पिअर्स-हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी हा दुवा दाखवून दिला. ऑगस्टचं ऊन कमी करणं कुठल्याही पंचायतीच्या हातात नाही. पण ते पीट मुळात इतकं लवकर सुकतं त्याचं एक कारण म्हणजे विसाव्या शतकात सरकारी अनुदान घेऊन डोंगरभर खणलेल्या निचऱ्याच्या चाऱ्या. त्या चाऱ्या फळ्या आणि पीटचेच गोळे घालून बुजवता येतात. पाणी थांबतं, अळ्या तगतात, खालच्या गावातला पूर कमी होतो आणि पीटमधला कार्बनही जागेवर राहतो. काही ठिकाणी हे काम सुरूही आहे. चिखलातलं काम, फोटोला अजिबात न शोभणारं.

पुढच्या उन्हाळ्यात कुणी मंत्री वेड्या राघूबरोबर छायाचित्र काढायला खाणीवर आलाच, तर तिथल्या बातमीदाराने त्याला एवढंच विचारावं : गेल्या वर्षी डोंगरावरच्या चाऱ्या किती बुजवल्या?