तेल, पाणी आणि नेमकी वेळ

दिवाळीचें तळण आटोपलें कीं आमच्या घरीं भांड्यांचा ढीग पडतो. यंदाही पडला. त्या दिवशींची कढई ऊन पाण्यानें व साबणानें पाहतां पाहतां निर्मळ झाली. परंतु तेलाच्या जुन्या बुधल्याच्या तळाशीं जें चिकट कीट बसलें होतें, त्यापुढें साबण हरला. सूनबाईंनीं तें शेवटीं उलथण्यानें खरवडून काढलें. जवळ बसलेल्या नातवानें आम्हांस विचारलें, “आजोबा, समुद्रांत जहाजाचें तेल सांडतें, त्यावर साबण कां टाकीत नाहींत?”

आमच्या मुर्रीपासून मुंबईचा समुद्र जवळजवळ हजार किलोमीटर दूर. पण प्रश्न मार्मिक होता, आणि त्याचें अर्धें उत्तर समोरच्या दोन भांड्यांनीं दिलेंच होतें.

साबणासारखें द्रव्य समुद्रावर खरोखरच फवारतात. त्यास डिस्पर्संट म्हणतात. त्याच्या कणाचें एक टोक तेलास धरतें, दुसरें पाण्यास. त्यामुळें दोहोंमधील ताण कमी होतो व लाटांच्या घुसळणीनें तवंगाचे बारीक थेंब होतात. मिलिमीटरच्या चौदाव्या हिश्श्याहून लहान थेंब सहसा पुन्हां वर येत नाहींत. ते पाण्यांत विखुरतात आणि हळूहळू सूक्ष्म जंतु त्यांचा फडशा पाडतात. तेल नाहींसें होत नाहीं, केवळ जागा बदलतें, हें मात्र विसरूं नये. पक्षी व कांदळवन वांचतें. पण पाण्यांतील मत्स्यबीजावर भार पडतो.

आतां हें औषध लागू केव्हां पडेल? आमचे वैद्य प्रकृति, काल, देश आणि मात्रा पाहूनच औषध देत. येथेंही तोच न्याय आहे. प्रकृति म्हणजे तेलाचा घट्टपणा. पाण्याच्या सुमारें दोन हजारपट घट्ट तेलापर्यंत औषध बहुधा चालतें. पांच ते दहा हजारपटींपलीकडे तें वरून ओघळून जातें. काल तर सर्वांत कठोर. सांडलेल्या तेलाचा हलका भाग उडून जातो, उरलेल्यांत लाटा पाणी कालवितात, आणि तपकिरी लोण्यासारखा गोळा होतो. त्यांत कधीं कधीं तीन चतुर्थांश पाणीच असतें. ही संधि कांहीं तासांची, फार तर दोन-चार दिवसांची. देश म्हणजे स्थळ: घुसळण्यापुरत्या लाटा हव्यात, आणि थेंब विरळ होण्याइतकी खोली हवी. मात्रा साधारणतः वीस भाग तेलास एक भाग. फवाऱ्यानंतर पाण्यांत कॉफीसारखा ढग उठला तर औषध लागू पडलें. दुधासारखा पांढरा उठला तर तें वायां गेलें.

वेल्सच्या किनाऱ्याजवळ 1996 सालीं ‘सी एम्प्रेस’ जहाजांतून सुमारें 72,000 टन कच्चें तेल सांडलें. तेल हलकें होतें. विमानांतून वेळेवर फवारा झाला व पुष्कळ तेल किनाऱ्यास लागण्यापूर्वींच विखुरलें. उलट 1967 सालीं ‘टॉरी कॅनियन’ फुटल्यावर इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागांत त्या काळचीं विषारी द्रव्यें खडकांवर सढळ हातानें ओतलीं गेलीं. तेथील शंखशिंपल्यांचा संहार तेलापेक्षां औषधानेंच अधिक केला, असें पुढें दिसून आलें.

आपल्या मुंबईस हा प्रसंग 7 ऑगस्ट 2010 रोजीं आला. ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-3’ हीं जहाजें बंदराच्या तोंडाशीं आदळलीं आणि सुमारें 800 टन तेल समुद्रांत गेलें. तटरक्षक दलानें तत्परतेनें फवारणी केली; तरीही बरेंच तेल रायगडच्या किनाऱ्यास व खाड्यांतील कांदळवनांस लागलें, आणि मासेमारी बंद पडून कोळी बांधवांच्या चुली संकटांत सांपडल्या. जहाजाच्या इंजिनांत जळणारें तेल मुळांतच घट्ट, दिवस पावसाळ्याचे, आणि किनारा हांकेच्या अंतरावर: प्रकृति, काल आणि देश तिन्ही प्रतिकूल.

यावरून आम्हांस एकच गोष्ट सांगावीशी वाटते. अपघात घडल्यावर अभ्यासास बसलें, तर संधीचे तास वाचनांतच सरतात. कोणतें तेल कोणत्या औषधास किती वेळपर्यंत वश होतें, ही परीक्षा प्रयोगशाळेंत आधींच झालेली हवी. आणि कोणत्या खाडीजवळ फवारा मुळींच करावयाचा नाहीं, हेंही आधींच ठरलेलें हवें. औषध नको म्हणण्याचें धैर्यही ज्ञानांतूनच येतें.

नातवानें हें सर्व ऐकून घेतलें आणि बुधल्याकडे पाहून म्हटलें, “म्हणजे हा गेल्या दिवाळीलाच घासायला हवा होता.” सूनबाई हंसल्या. आम्हीं मात्र त्यास पैकींच्या पैकीं गुण दिले.