हृदयाची विश्रांती

आपले हृदय दिवसाकाठी सुमारे १,००,००० वेळा आकुंचन पावते, हे आपण वाचले असेल. परंतु प्रत्येक आकुंचनानंतर ते सैल पडते आणि त्या क्षणार्धातच त्यात रक्त भरते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोट विहिरीत पुरती भरलीच नाही, तर बैलांनी कितीही जोर लावला तरी पाटाला पाणी कमीच येणार. वाढलेल्या रक्तदाबाचा पहिला घाव बहुधा या भरण्यावरच बसतो.

रक्तदाब सतत चढलेला असला म्हणजे हृदयाच्या डाव्या जवनिकेला, अर्थात सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या कप्प्याला, प्रत्येक ठोक्यास अधिक विरोधाशी झुंजावे लागते. तिची भिंत जाड होते. व्यायामाने पहिलवानाचा दंड भरतो, तसे हे नव्हे. येथे स्नायूंच्या जोडीला चिवट तंतूही वाढतात. भिंत ताठर होते आणि झटकन सैल पडत नाही. रक्त बाहेर ढकलण्याची शक्ती मात्र पुष्कळ काळ शाबूत दिसते, म्हणून मनुष्य निश्चिंत राहतो. पुढे कप्पा भरण्यास अधिक दाब लागू लागला की तो मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि जिना चढताना धाप लागते. ती वयामुळेच असेल, असे समजून सोडून देऊ नये.

हृदयाच्या विद्युत्-आलेखात हा आरंभीचा बदल दिसेलच असे नाही. ध्वनिलहरींनी होणाऱ्या ‘इको’ तपासणीत मात्र भिंतीची जाडी व ती सैल पडण्याची गती, दोन्ही समजतात.

समाधानाची गोष्ट अशी की, रक्तदाब आटोक्यात राहिला तर ही जाडी पुष्कळदा कमी होते. दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी रक्तदाब १४०/९० किंवा अधिक भरला, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब लावू नये. मोजण्यापूर्वी ५ मिनिटे स्वस्थ बसावे. आधीच्या अर्ध्या तासात चहा वा तंबाखू घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्याच हिशेबात धरावे. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आपल्या घरात तिशी ओलांडलेली जी मंडळी असतील, त्यांचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी जवळच्या आरोग्य केंद्रात मोजून घ्या. काहीही दुखत नसले, तरीही!