खादी कोणाची?

नारायण पेठेंत, केसरीवाड्याच्या शेजारीं, ‘स्वदेशी’ हा शब्द कोणाच्या मालकीचा असें कोणीं विचारलें असतें, तर ऐकणारास हंसूंच आलें असतें. १९०५ सालीं या पुण्यांत परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हां त्या शब्दाची नोंदणी कोणाच्याच नांवावर नव्हती; म्हणूनच तो घरोघर पोंचला.

‘खादी’ या शब्दाच्या वांट्यास मात्र निराळें भाग्य आलें आहे. १९५६ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या, मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगानें हा शब्द आपलें व्यापारचिन्ह म्हणून नोंदविला, आणि २०१८ सालीं फॅबइंडिया कंपनीविरुद्ध मुंबईच्या उच्च न्यायालयांत जाऊन ५२५ कोटी रुपयांची भरपाई मागितली.

आयोगाची बाजू अगदींच पोकळ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. हातानें कांतलेल्या सुताचें, हातमागावर विणलेलें कापड म्हणजे खादी, अशी व्याख्या त्याच कायद्यांत आहे. गिरणीचें सूत खादी म्हणून खपविणारा दुकानदार गिऱ्हाइकास फसवितो आणि कांतणाऱ्या बाईच्या तोंडचा घास काढून घेतो. त्यास शासन झालेंच पाहिजे. गांधीजींनीं १९२५ सालीं स्थापिलेला चरखा संघही दुकानांस प्रमाणपत्रें देतच असे. परंतु प्रमाणपत्र देणें निराळें आणि शब्दाचें स्वामित्व सांगणें निराळें. ‘हें कापड खरें आहे’ हा दाखला झाला. ‘हा शब्द माझा आहे’ ही मिरास झाली. शिवाय याच नांवाखालीं आज साबण आणि शांपूही विकले जातात. त्यांत सूत कोठें आहे?

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यांत प्रमाणन-चिन्हाची स्वतंत्र सोय आहे, आणि तीस एक शहाणी अट जोडलेली आहे: जो त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करतो, त्यास तें चिन्ह मिळत नाहीं. तराजू धरणारानें स्वतः दुकान मांडूं नये, एवढाच तिचा अर्थ. आयोग तर स्वतःचीं विक्रीकेंद्रें चालवितो!

कोणी म्हणेल, आयोगानें नांव नोंदविलें नाहीं तर परके नोंदवितील. जर्मनींतील एका कंपनीनें युरोपांत ‘खादी’ नोंदविलीच ना? हें खरें आहे. पण चोराचें भय आहे म्हणून गांवची विहीर पाटलानें आपल्या नांवावर करून घ्यावी काय? परक्याची नोंदणी रद्द करविण्यास जरूर झगडावें. त्यासाठीं आपल्याच लोकांवर मालकी गाजविण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत पॅसडीना येथील एका कुटुंबानें, शहरांत राहून परसांतच धान्य-भाजी पिकविण्याच्या जीवनक्रमास रूढ असलेलें ‘अर्बन होमस्टेड’ हें नांव नोंदविलें, आणि २०११ सालीं एका सार्वजनिक ग्रंथालयाससुद्धां तें जपून वापरण्याविषयीं पत्र धाडलें. २०१५ सालीं तेथील न्यायालयानें तें नांव सर्वसामान्य ठरवून नोंदणी रद्द करण्याचा हुकूम दिला. व्यापारप्रधान देशाच्या न्यायासनास जें उमगलें, तें चरख्याचा वारसा सांगणारांस उमगूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

आमचें मागणें साधें आहे. खऱ्याखोट्याची परीक्षा विक्रीशीं संबंध नसलेल्या मंडळाकडे सोंपवावी. खोटा माल विकणारास कडक दंड करावा. आणि शब्द मोकळा सोडावा. खादीस जी प्रतिष्ठा लाभली ती कोणत्याही कचेरीनें दिलेली नाहीं. ती लाखो अनामिक हातांनीं कांतली आहे. त्या हातांच्या ठेवीचा आयोग फार तर विश्वस्त होऊं शकेल, धनी नव्हे.